सराव क्रमांक बारा

१

कॅप्टनला त्या खोलीचा पहिल्या दिवसापासून तिटकारा होता, आणि तो लपवायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत. एकतीस वर्षं काटे आणि तबकड्या वाचत ज्याने विमानं नेली-आणली, त्याला सत्तावन्नाव्या वर्षी प्लायवूडच्या खुराड्यात बसवून बटणं दाबायला लावलं होतं. कंपनीने जुनी विमानं भंगारात काढली होती. नव्या विमानांत एफएमएस नावाचा संगणक होता. त्याच्यात मार्ग, वजन आणि इंधन भरलं की विमान कसं न्यायचं ते तोच ठरवणार, कॅप्टनने फक्त लक्ष ठेवायचं. "म्हणजे मी वॉचमन," असं तो पहिल्याच दिवशी भर वर्गात म्हणाला. कोणी हसलं नाही. बाकीच्यांना तो संगणक आवडत होता, आणि अशा माणसांबद्दल कॅप्टनचं मत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

शिकायचं तेही विमानात नव्हे. तिसऱ्या मजल्यावर एका लांबट खोलीत अशी सहा खुराडी होती. प्रत्येकात एक टेबल, दोन स्क्रीन, एक कीपॅड आणि एक हेडफोन. खिडकी नाही, आभाळ नाही, खुर्चीला साधी थरथर नाही. समोर नुसते हिरवे आकडे. लहान मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये याहून जास्त जीव असतो, असं तो म्हणे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

शिकवणारी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. तिची बोटं कीपॅडवर भराभर चालत, म्हणून त्याने तिचं नाव 'टायपिस्ट' ठेवलं. तिने स्वतः कधी विमान उडवलेलं नाही हे कळल्यावर तर तो तिच्याकडे बघून बोलेनासाच झाला. ती समजावून सांगे आणि हा छताचे पत्रे मोजे. व्हायचं तेच झालं, पहिल्या परीक्षेत साहेब नापास. "मी नाही नापास झालो, तो डबा झाला," असं त्याने बायकोला सांगितलं. दुसरी आणि शेवटची परीक्षा गुरुवारी दुपारी दोनला होती. तीही गेली असती तर परवाना गेला असता, आणि निवृत्तीपर्यंत तळमजल्यावर बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावत बसावं लागलं असतं. या विचाराने मात्र त्याची झोप उडाली होती. कबूल तो कोणापाशीच करत नव्हता.

२

सोमवारी त्याने सराव क्रमांक बारा उघडला. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत कंटाळवाणा. पाच तासांचं उड्डाण, आणि पाच तास म्हणजे खरोखरचे पाच तास.

"एका बैठकीत कोणीच करत नाही, सर," टायपिस्ट म्हणाली. "जेवायला जायचं असेल तर फ्रीज दाबा. सगळं जिथल्या तिथे थांबतं. संध्याकाळी सहाला खालून मेन स्विच बंद होतो, तेव्हाही काही जात नाही. सकाळी तिथूनच पुढे सुरू करायचं."

"म्हणजे विमान हवेत उभं राहतं."

"हो, सर."

"वा! मला एकतीस वर्षांत जमलं नाही."

तासभर त्याने जांभया देत आकडे भरले. मग फ्रीज दाबलं. उठण्याआधी जुन्या सवयीने इंधन तेवढं वाचलं. तेरा टन आणि वर एक. वैमानिक घर विसरेल पण हा आकडा विसरणार नाही. चाळीस मिनिटांनी तो दात कोरत परत आला आणि खुर्चीत बसता बसता त्याची नजर त्याच जागी गेली. साडेअकरा.

आधी तो हसला. मग त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि हसणं अर्धवट राहिलं. ही इंजिनं तासाला दोन पूर्णांक चार टन जाळतात. चाळीस मिनिटांचे झाले एक पूर्णांक सहा. तेरा एक वजा एक सहा, बरोबर साडेअकरा. विमान नकाशावर तसूभरही हललं नव्हतं. विमानातलं घड्याळ त्याने सोडलं त्याच मिनिटावर उभं होतं. नुसती इंजिनं चालू राहिली होती.

त्याने टायपिस्टला बोलावलं. ती वाकून बघत राहिली.

"फ्रीजमध्ये इंधन जळत नाही, सर. आधी वाचताना चुकला असाल."

एकतीस वर्षं इंधन वाचणाऱ्या माणसाला ही कालची पोर 'वाचताना चुकला असाल' म्हणत होती. कॅप्टनच्या डोक्यात तिडीक गेली. त्या भरात मूळ प्रश्न बाजूला पडला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटलं.

३

मंगळवारी त्याने यंत्राची खोड मोडायचं ठरवलं. आणखी एक तास उड्डाण केलं. इंधन नऊ पूर्णांक एक. मग फ्रीज दाबून हाताची घडी घालून समोर बसून राहिला. पंधरा मिनिटं झाली, आकडा हलला नाही. वीस झाली. नाहीच. "अस्सं," कॅप्टन म्हणाला, आणि जिंकल्यासारखा चहाला गेला. कॅन्टीनमध्ये त्याने दोघा-तिघांना नवी विमानं म्हणजे उडती टंकयंत्रं कशी, ते तासभर समजावून सांगितलं.

परत आला तेव्हा सहा पूर्णांक सात होते.

म्हणजे कोणी बसलेलं असताना जळत नव्हतं. सराव उघडा ठेवून खुर्ची रिकामी केली की जळत होतं. त्याने याला कारण शोधायचा बराच प्रयत्न केला. स्क्रीन झोपतो तेव्हा काही गडबड होत असेल. प्रोग्राम लिहिणारा कोणी गाढव असेल. ही दुसरी शक्यता त्याला मनापासून आवडली. पण खालच्या ओळीत संगणकाने स्वतःचं गणितही करून ठेवलं होतं. पोहोचण्याच्या ठिकाणी शिल्लक इंधन, उणे अर्धा टन. म्हणजे हे विमान आता पोहोचणार नव्हतं.

तेवढ्यात टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. टिंग.

तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. मागून, केबिनमधून, हवाईसुंदरीने कॉकपिटला फोन केला की असा आवाज येतो. चहा हवा का विचारायला, कोणी आजारी पडलं म्हणून सांगायला. वर्षानुवर्षं त्याने तो उचलला होता. त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"यात केबिनचे आवाज कशाला घातलेत?" त्याने टायपिस्टला विचारलं.

"केबिन? नाही हो सर, यात केबिन नाहीच. नुसता एफएमएस आहे. मागे कोणी नाही."

रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, आकडे काय पुटपुटताय मघापासून?"

त्याने सांगितलं. अर्थात यंत्राची टिंगल करतच सांगितलं.

"मग डबा नेत जा की," ती म्हणाली. "तिथेच बसून खा. उठू नका."

"त्या खोक्याची राखण करत बसू?"

"तुम्हाला पास व्हायचंय ना? मग करा राखण. उंटावर बसल्यासारखं किती दिवस वावरणार?"

बायकोशी तो वाद घालत नसे. तिला विमानातलं काही कळत नाही, असं त्याने लग्नाच्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. डबा त्याने नेला नाही.

४

बुधवारी त्याने सराव उघडला, आणि एकही बटण दाबायच्या आत टिंग झालं. थोड्या वेळाने पुन्हा. मग थोडं घाईने, दोनदा.

कॅप्टन उठला आणि चालता झाला. भीती वाटली असं तो म्हणाला नसता. त्याचं म्हणणं असं, की असल्या पोरकटपणाला भीक घालायची नसते. रस्त्यावर येऊन त्याने एक पेपर घेतला, समोरच्या बागेतल्या बाकावर बसून तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचला. एक शब्द लक्षात राहिला नाही. दीड तासाने त्याला एकदम आठवलं की खुर्ची रिकामी आहे, आणि तो चक्क धावत जिना चढला.

तीन पूर्णांक एक.

टिंग.

हा कोणाचा तरी चावटपणा आहे, हे त्याने तेव्हा नक्की ठरवलं. वर्गात त्याने ज्यांची ज्यांची टर उडवली होती त्यांतलाच कोणी शेजारच्या खुराड्यातून हे करत असणार. तो पाचही खुराडी बघून आला. पाचही रिकामी. खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या. मग त्याने परत येऊन, चोर पकडायच्या आवेशात, हेडफोन कानाला लावला आणि कीपॅडच्या बाजूचं बोलायचं बटण दाबलं.

आधी नुसती घरघर. तिच्यामागे खूप माणसं गप्प बसलेली असावीत तसं काहीतरी. कोणी खोकलं, कोणीतरी त्याला गप्प केलं.

"साहेब," एका बाईचा आवाज आला. शिकवून तयार केलेला, नम्र, पण घसा कोरडा पडलेला. "त्रास देते, माफ करा. अजून किती वेळ? लोक विचारताहेत."

कॅप्टनने बटण सोडलं नाही.

"पाणी कालच संपलं. त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही, साहेब. लोक समजूतदार आहेत. पण रोज दिवे जातात ना, तेवढं सहन होत नाही. दिवे जातात, मग आवाज जातो, मग सकाळपर्यंत काहीच नसतं. शेजारी बसलेलं माणूससुद्धा नसतं. लहान मुलं फार घाबरतात."

त्याने हेडफोन काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग सरावातून बाहेर पडून स्क्रीन बंद केला. जिना उतरताना त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही. तरी सहा वाजता, तिकडे मेन स्विच बंद व्हायच्या वेळी, त्याने घरी हातातला कप तसाच खाली ठेवला.

५

गुरुवारी तो साडेबारापर्यंत कॅन्टीनमध्येच बसला. टायपिस्ट त्याला शोधत आली.

"सर, परीक्षा तुमच्याच खात्यात उघडणार. बारा नंबर अर्धा राहिलाय, तो आधी बंद करायला लागेल. उतरवा, नाहीतर 'समाप्त' दाबा. समाप्त दाबलं तर काही बिघडत नाही, फक्त अपूर्ण म्हणून नोंद राहते."

एक वाजता तो खुराड्यात बसला. समाप्त दाबायचं आणि उठायचं, एवढंच ठरवून आला होता. बोट त्या बटणावर होतं, आणि टिंग झालं. कोणास ठाऊक का, त्याने उचललं. कदाचित इतक्या वर्षांची सवय. कदाचित या माणसात अजून थोडा वैमानिक शिल्लक असेल.

"बोला."

मग तो आवाज दुसरीकडे वळून म्हणाला, "आहेत." आणि तो एक शब्द रांगेमागून रांगेत कुजबुजत मागे मागे गेला. कॅप्टनने त्याला जाताना ऐकलं. फार लांब गेला.

संकटातल्या विमानाला जमिनीवरून दोनच गोष्टी विचारतात, इंधन किती आणि माणसं किती. इंधन समोर दिसत होतं. त्याने दुसरा प्रश्न विचारला.

"मागे माणसं किती?"

"सुरुवातीला की आत्ता, साहेब?"

त्याने पुढे विचारलं नाही. त्याची पाचावर धारण बसली होती, पण बोटं चालायला लागली होती. ज्या यंत्राला तो डबा म्हणत होता त्याला तो आता एकेक विमानतळ विचारत होता, आणि ते पटापट उत्तरं देत होतं. उणे एक. उणे दोन. उणे. टायपिस्टने शिकवताना जे कानामागे टाकलं होतं ते सगळं कुठूनतरी आठवत होतं. चौथ्या पानावर एक लहानसा विमानतळ सापडला. पंचावन्न मिनिटं, आणि उतरल्यावर शिल्लक शून्य पूर्णांक नऊ. त्याने मार्ग बदलला, दिवा लागला, बटण दाबलं, फ्रीज सोडलं. नकाशावरचं विमान चार दिवसांत पहिल्यांदा वळलं.

"पंचावन्न मिनिटं," तो म्हणाला.

"नक्की ना, साहेब? मी लोकांना सांगू?"

"सांगा."

आणि मग त्याने घड्याळात बघितलं. एक वीस. म्हणजे सव्वादोन.

तीस मिनिटं तो जागचा हलला नाही. विमान उंची सोडायला लागलं. हेडफोनमध्ये पट्टे बांधल्याचे आवाज येत होते. इतकं नीटनेटकं काम त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि त्याचा त्याला आनंद होत होता, हे त्याला फार चमत्कारिक वाटलं.

दोनला दहा कमी असताना टायपिस्ट दारात आली. "सर, परीक्षक आलेत. दोन म्हणजे दोनला सुरू करतात, माहीत आहे ना?"

माहीत होतं. परीक्षक एके काळी त्याचाच सहवैमानिक होता. भर विमानतळावर कॅप्टनने त्याला 'तुझ्याऐवजी वाळूचं पोतं ठेवलं तरी चालेल' असं सुनावलं होतं. त्याच्यापुढे जाऊन पंधरा मिनिटं मागायची. कशासाठी म्हणून विचारलं तर काय सांगायचं? माझी माणसं हवेत आहेत? परवाना जाईल तो जाईलच, वर वेडाचा दाखला मिळेल.

टायपिस्ट स्क्रीनकडे बघत होती. "अरे वा, सर! किती सुंदर वळवलंय. पंचवीसच मिनिटं राहिलीत." ती जराशी घुटमळली. "तुम्ही जा. मी बसते इथे. हा सराव माझ्या खात्यात घेते आणि मी उतरवते."

तिने हात पुढे केला. हेडफोनसाठी.

एवढंच करायचं होतं. हेडफोन तिच्या हातात द्यायचा आणि उठायचं. तिला ते जमलं असतं, त्याच्यापेक्षा चांगलं जमलं असतं, हे त्यालाही माहीत होतं. पण कॅप्टनने त्या हाताकडे बघितलं, टायपिंग करणाऱ्या त्या बारीक बोटांकडे, आणि त्याच्या ओठाचा कोपरा नेहमीसारखा वर गेला.

"विमान?" तो म्हणाला. "तू?"

"सराव आहे, सर. अपूर्ण नोंद राहण्यापेक्षा..."

"सरावच आहे ना? मग झालं तर."

कानात ती बाई कोणाला तरी सांगत होती, खिडकीतून बघा, खाली दिवे दिसताहेत. त्याने समाप्त दाबलं. 'नक्की?' असं यंत्राने विचारलं. त्याने हो म्हटलं. बाईचं वाक्य मध्येच तुटलं. कोणी किंचाळलं नाही. किंचाळलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

६

परीक्षेत त्याला शंभरपैकी शहाण्णव मिळाले. परीक्षकाने दोनदा कागद बघितला, मग सही केली आणि उठून हात मिळवला. "साहेब, तुम्ही इतक्या मनापासून शिकाल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती. कॅप्टनने परवान्याचा कागद घडी करून खिशात घातला. जिन्यात बायकोचा फोन आला.

"काय झालं?"

"पास."

"अगं बाई! मी खाली गाडीतच आहे. या लवकर. आवाज का असा येतोय?"

"कोट राहिलाय वर. घेऊन येतो."

चार वाजले होते. लांबट खोलीत लख्ख उजेड होता, खुराड्यांत कोणी नव्हतं. कोट टेबलाच्या कडेला टाकलेला. तो घ्यायला तो वाकला, आणि पाय दमले होते म्हणून क्षणभर खुर्चीत टेकला. समोर बंद स्क्रीन. काळ्या काचेत स्वतःचा चेहरा. त्याने टायची गाठ सैल केली, काचेत बघूनच.

त्याच्या खांद्यामागे भिंत दिसायला हवी होती. भिंत नव्हती. दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या पाठी होत्या आणि मधून एक अरुंद वाट मागे जात होती, खोली जिथे संपते त्याच्याही मागे. माणसं बसलेली होती. बरीचशी खाली माना घातलेली. काही खुर्च्यांत कोणी नव्हतं, नुसते बांधलेले पट्टे होते.

वाटेच्या तोंडाशी ती उभी होती. गणवेश चुरगळलेला, केस मात्र नीट बांधलेले. कानाला लावलेला फोन तिने खाली घेतला आणि जागच्या जागी अडकवला. मग काचेतून तिने कॅप्टनकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, दोन्ही चाललं असतं. ती रागावलेलीसुद्धा नव्हती. तिने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या ओठाचा कोपरा किंचित वर गेला. ती नजर त्याच्या ओळखीची होती. एकतीस वर्षं तो लोकांकडे तसाच बघत आला होता. तिची झळ समोरच्याला काय लागते हे मात्र त्याला आज कळत होतं.

मग तिने हात लांब केला आणि मधला पडदा ओढून घेतला. कड्यांचा किरकिर आवाज त्याला ऐकू आला. काचेत नाही, पाठीमागे, हातभर अंतरावर.

खाली बायकोने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. कॅप्टन कोट मांडीवर घेऊन, काचेतल्या आपल्या चेहऱ्याकडे बघत बसून होता. परवाना खिशात होता. दार मागे होतं.